पानमळ्यापर्यंतचं पाणी

मनकर्णेनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचा एक डोळा मिटलेला होता आणि दुसरा तिच्यावर रोखलेला होता. दोघांच्या मधे एक पितळी नळी होती, तीन पायांच्या लाकडी घोडीवर बसवलेली.

दिवाळी नुकतीच सरली होती. नांदूरघाटच्या उतारावरचं गवत पिवळं पडू लागलं होतं, ओढ्यात अजून पाणी खेळत होतं, आणि मनकर्णा डोक्यावर पानांची पाटी घेऊन केजच्या बाजाराच्या वाटेला लागली होती. पाटीवरच्या ओल्या फडक्याचं पाणी थेंबाथेंबानं तिच्या मानेवर उतरत होतं. ती थबकली. डावीकडे सरकली तशी नळीही डावीकडे सरकली. मग मात्र ती सरळ चालत नळीसमोर जाऊन उभी राहिली.

"काय बघता वो?"

माणूस दचकून उठला. सडपातळ, सावळा, डोक्याला धुळीनं माखलेला रुमाल. "तुमाला न्हाई... तुमच्या मागं निशाणाची काठी हाय, ती बघत होतो. तुमी मधी आलात."

"मग मधी आलेली मी दिसले का न्हाई?"

"दिसलात की." आणि मग, कुणी विचारलं नसताना त्यानं खरं सांगून टाकलं— "पर उलट्या. पाय वर, पाटी खाली. ह्या नळीत सगळं उलटंच दिसतं."

मनकर्णेचा हात नकळत पाटीवर गेला, जणू पानं आता सांडणारच होती. मग स्वतःच्याच त्या हाताचा तिला राग आला.

"उलटं बघनारा मानूस आमचं रान मोजनार," ती म्हणाली, "म्हंजे झालंच." आणि ती वाटेला लागली. मागं वळून पाहिलं नाही. पण पाठीला ती नळी केजपर्यंत टोचत राहिली, असं म्हणायला हरकत नाही.

संशय हा मनकर्णेचा स्वभावच होता. पुजाऱ्यानं अंगारा दिला तरी ती आधी वास घ्यायची. लोक हसायचे, पण त्याला कारण होतं. लहान वयात तिचं लग्न लावलं तेव्हा सासरच्यांनी सांगितलं होतं की मुलाला थोडा खोकला आहे, दुसरं काही नाही. तो खोकला कधी गेलाच नाही, आणि मानमोडीच्या तापाच्या साथीत मुलगाच गेला. तिनं त्याचा चेहरा नीट पाहिलाही नव्हता. तेव्हापासून ती बापाच्या घरी होती, आणि पहिल्या बोलीत सांगितलेलं काहीच ती खरं मानत नसे. वडील शहादेव एक-दोनदा म्हणाले होते की आपल्यात विधवेचं दुसरं लग्न होतं, पाट लावतात, त्यात लाजायचं काय. त्यावर ती म्हणाली होती, "आधी मानूस बघू आबा, मग पाट."

ओढ्याच्या काठाला त्यांचा पानमळा होता. शेवरीच्या झाडांवर चढलेल्या वेली, भर दुपारीही आत गार हिरवा अंधार, आणि ओल्या मातीचा वास. त्या वेली तिच्या आईनं लावलेल्या. आई गेली, वेली राहिल्या. घरात दुसरं काही नव्हतं, आणि हवंही नव्हतं.

म्हणून, सरकार ओढ्यावर बांध घालून मोठा तलाव करणार ही बातमी गावात आली तेव्हा मनकर्णेनं एकच प्रश्न विचारला. पाणी कुठवर येणार? या प्रश्नाचं उत्तर कुणाजवळ नव्हतं. अर्जुनराव पाटलांची जमीन बांधाच्या खालच्या अंगाला, तिला पाणी आयतं मिळणार होतं. ते म्हणत, अशी चांगली गोष्ट निजामशाहीत पहिल्यांदाच होत आहे, तर फाटे फोडू नका. साहेब येऊन गावाची संमती घेणार होता. त्याच्या आधी मोजणीदार आला होता— नळीवाला.

त्याचं नाव उत्तरेश्वर. मोमिनाबादचा. तो मारुतीच्या देवळामागच्या धर्मशाळेत उतरला होता, आणि दिवस मावळायच्या आधी ओट्यावर बसून लोकांना एक पेटी दाखवायचा. पेटीला दोन डोळ्यांसाठी दोन भिंगं, आणि समोर एक चित्र खोचायचं. उजेडाकडे तोंड करून बघितलं की चित्र सपाट राहत नसे. झाडं पुढं येत, डोंगर मागं सरकत, आणि माणसाला वाटे की हात घातला तर पाण्याला लागेल.

कारण चित्रं सगळी पाण्याची होती. उत्तरेश्वर नगरला शिकत असताना एक अमेरिकन मास्तरीणबाई होत्या. त्या परत गेल्या तेव्हा त्यांनी आपल्या जिल्ह्याची ही चित्रं त्याला दिली होती. तो जिल्हा म्हणे तळ्यांचाच. एका तळ्याच्या काठावरून दगड भिरकावला तर दुसऱ्यात पडावा इतकी तळी, आणि मधे सुईसारख्या पानांची काळी झाडं.

शेजारच्या दगडाबाईनं मनकर्णेला ओढत तिथं नेलं. दगडाबाई साठीची, एकटी, आणि तिला सगळं आधी बघायचं असे. तिनं पहिलंच चित्र डोळ्यांना लावलं आणि हात जोडायला गेली, तर पेटी पडता पडता राहिली.

"ही तर कपिलधार," ती म्हणाली. "मी गेलते की जत्रंला."

"मावशी, ही अमेरिका हाय," उत्तरेश्वर म्हणाला. "धबधबा तसाच, पर तिकडचा."

"असू दे. धार ती धारच," म्हणत तिनं उरलेला नमस्कार पुरा केला.

मनकर्णेनं पेटी घेतली. पांढऱ्या होड्या. पाण्यात घुसलेला लाकडी धक्का, त्याच्या टोकाला पाय सोडून बसलेली दोन माणसं. एक लाकडी हवेली, तिच्या लांब ओसरीवर झुलत्या खुर्च्या, आणि खुर्च्यांवर बसलेले लोक नुसते तळ्याकडे बघत. वासराएवढे भोपळे मांडलेली जत्रा. आणि एक चित्र होतं ज्यात तळं पांढरं सपाट होतं आणि त्याच्यावरून घोडे जुंपलेली गाडी चालली होती.

"थंडीत तिथं पाणी दगडासारखं होतं," उत्तरेश्वर सांगत होता. "लोक करवतीनं कापून लादी काढतात, भुशात पुरून ठेवतात, उन्हाळ्यात वापरतात. आणि तिथं एक पाखरू हाय, सांजंच्या वक्ताला बाई हसल्यासारखं ओरडतं."

"आणि ही खुर्चीवरली मानसं काय करतात?" मनकर्णेनं विचारलं.

"तळं बघायला येतात. लांबून, आगगाडीत बसून."

"नुसतं पानी बघायला? त्यांच्या घरी पानी नसतं का?"

ओट्यावर हशा झाला. उत्तरेश्वरही हसला, आणि हसताना त्याची नजर तिच्यावर अंमळ जास्त रेंगाळली. ते तिच्या ध्यानात आलं. तिनं पेटीतून डोळे न काढता विचारलं, "ह्या पान्याखाली काय हाय?"

"मासे."

"त्याच्या खाली?"

"न्हाई, ती तळी लई जुनी हायत. देवानंच केलेली. तिथं कधी कुणी राहत नव्हतं."

"आणि आपलं व्हनारं तळं?"

तो चित्रं गोळा करू लागला. एकावर एक नीट लावली, फडक्यात बांधली, परत सोडली. घरी जाताना दगडाबाई म्हणाली की पोरगा लई गुणाचा दिसतो. मनकर्णा म्हणाली, "गळाला गोड लावूनच टाकतात, मावशी."

दुसऱ्या दिवसापासून तो पानं न्यायला मळ्यात येऊ लागला. पहिल्या दिवशी बुटांसकट आत यायला निघाला, तेव्हा तिनं कुडाच्या दारात हात आडवा धरला. पानमळ्यात पायताण घालून कुणी येत नाही, वेल रुसते. त्यानं मुकाट बूट काढले. त्याचे पाय बुटात राहून मऊ पडलेले होते, आणि ओल्या मातीत पडताना ते अंगठे आक्रसून घेत होते. तिला हसू आलं. तिनं ते गिळलं.

पण रोज पानं नेणाऱ्याचे दात पांढरेशुभ्र होते. एके दिवशी तिनं ते बोलून दाखवलंच.

"पानं खाता कधी?"

"...खातो की."

"ओठ दाखवा."

त्यानं ओठ मिटून घेतले, मग हसून सोडले. "न्हाई खात. मला पानानं ठसका लागतो."

"मग नेता कशाला?"

"ओल्या फडक्यात ठेवतो. सुकायला आली की परत यावं लागतं."

वेलींतून उन्हाचे बारके कवडसे दोघांच्या मधे हलत होते. मनकर्णेनं पानांची चवड नीट केली, दोनदा नीट केली. तिच्या कानांना ऊन लागत नव्हतं, तरी ते तापले होते. मग तिला दगडाबाईचं बोलणं आठवलं. सरकारी माणसांच्या दर मुक्कामाला एक बायको असते, हे मावशी शपथेवर सांगायची.

"घरी कोन असतं तुमच्या?"

"एकच बाई हाय."

"बरं हाय," ती म्हणाली, आणि चवड त्याच्या हातात जवळजवळ आदळली. तो जाता जाता कुडापाशी थांबला. "आई," तो म्हणाला. "बायको मानमोडीत गेली. तुमी पुढचं विचारलं न्हाई, म्हणून सांगतो."

हेही खरं कशावरून, असं तिनं स्वतःला रात्रभर विचारलं.

आणि मग ते दगड आले. पाणी जिथवर येणार तिथं खूण म्हणून त्याच्या माणसांनी चुन्यात बुडवलेले दगड उतारावर ओळीनं लावले. ओळ पानमळ्याच्या वरच्या अंगानं गेली. मनकर्णेनं त्याला कसली ओळ म्हणून विचारलं, तर तो म्हणाला की साहेब येईपर्यंत बोलायची परवानगी नाही. आणि पानं न घेताच निघून गेला.

दोन दिवसांनी दगडाबाई गवताचा भारा घेऊन तिकडून आली तर ओढ्याच्या वर ओळीत सात पांढरे दगड. सात, पाण्याजवळ, ओळीत. नांदूरघाटच्या कुठल्याही बाईला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पाण्यातल्या साती आसरा. त्या विहिरीवर, डोहावर असतात; शेंदूर लावून दहीभात ठेवला की प्रसन्न, नाहीतर लेकरू ओढून नेतात. सांजेपर्यंत सातही दगडांना शेंदूर लागला होता, हिरवी बांगडी, हळदकुंकू, दहीभात. आसरा आपसूक प्रकटल्या, अशी बोंब केजपर्यंत गेली.

अर्जुनराव पाटील देवभोळे नव्हते, पण हुशार होते. ते चावडीवर म्हणाले की आसरा पाण्याशिवाय राहत नाहीत. त्या तिथं येऊन बसल्या, म्हणजे पाणी तिथवर यावं ही त्यांचीच इच्छा. मग आपण कोण नको म्हणणारे? कालपर्यंत जे कुरकुरत होते ते माना डोलावू लागले. शहादेव घरी येऊन भिंतीला टेकून बसले. "देवीनंच मागितलं तर काय करणार, पोरी," एवढंच बोलले.

मनकर्णा मात्र उठली. तिनं उत्तरेश्वराला ओढ्याच्या काठी गाठलं.

"सातच कावून ठेवले?"

"काय?"

"आमी बाया येड्या, सात दगड दिसले की शेंदूर लावतो, हे ठाऊक होतं तुमाला. आधी पेटी दाखवली, मग आसरा बसवल्या. माझ्या आईचा मळा बुडवायला देव आनला तुमी."

त्याचा चेहरा पडला. "मी सात ठेवलेच न्हाईत," तो हळू म्हणाला. "धा होते. मळ्याकडचे तीन कुणीतरी उपटून नेले. मला वाटलं... तुमीच नेले."

"मी?"

"मळा तुमचा. मी तुमच्या जागी असतो तर मी बी नेले असते."

"मग वर कावून कळवलं न्हाई?"

तो पाण्याकडे बघत राहिला. "कळवलं असतं तर नाव विचारलं असतं. तुमचं नाव... मला तसं कागदावर द्यायचं नव्हतं."

मनकर्णेनं पदर कमरेला घट्ट खोचला. "लई सोयीचं बोलता मोजनीदार," ती म्हणाली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी साहेब यायचा होता. सकाळी मनकर्णेची चूल पेटेना, म्हणून ती विस्तव आणायला दगडाबाईकडे गेली. दगडाबाई बाहेर शेणी थापत होती. मनकर्णा चुलीपाशी वाकली, आणि तशीच वाकलेली राहिली. चूल नवी होती. तीन दगडांची. आतून काजळलेली, आणि बाहेरून... चुन्यानं पांढरी.

ती विस्तव घेऊन घरी आली. बापाला काही सांगितलं नाही. धर्मशाळेकडेही गेली नाही. दगडांचं तर उलगडलं होतं. पण आता तिला एकच बघायचं होतं. सगळ्या गावानं मान हलवल्यावर तो बोलतो का गप्प बसतो. गप्प बसला तर त्याचं काही जाणार नव्हतं, उलट शाबासकीच होती.

दुपारी लिंबाखाली गाव जमला. साहेब हैदराबादी शेरवानीत, घामाघूम. अर्जुनराव आसरांची हकीकत सांगत होते, आणि साहेबाला ती आवडत असावी, कारण काम सोपं होत होतं. सगळ्यांची कबुली आहे ना, असं त्यानं विचारलं. माना हलल्या. मनकर्णा बायांच्या घोळक्यात मागं उभी होती. लिंबाचं एक पिवळं पान उत्तरेश्वराच्या रुमालावर पडलं. त्यानं ते काढलं, बोटांत धरलं...

"साहेब," तो म्हणाला, "ते देव न्हाईत. ते माझे दगड हायत. चुना माझ्या बादलीतला हाय. पाणी कुठवर येणार त्याची ती खूण. म्हंजे शहादेवांचा मळा सगळा, आणि खालच्या आळीच्या विहिरी निम्म्या. हे गावाला कुणी सांगितलेलं न्हाई. मी बी सांगितलं न्हाई."

गलका उठला. एक बाई ओरडली की आसरांना दगड म्हणणाऱ्याची जीभ झडेल. अर्जुनराव शांतपणे म्हणाले, "मग सातच कसे, मोजणीदार? सात आपोआप व्हतात का?"

"धा होते. तीन... जनावरानं ढकलले असतील. ओढ्यात गेले असतील."

तो हे म्हणाला आणि एकदाही मनकर्णेकडे बघितलं नाही. इतकं जपून न बघणं तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्या क्षणी तिच्या आत काहीतरी सैल झालं, फार दिवस घट्ट बांधलेली गाठ सुटावी तसं. ती बायांमधून पुढं आली.

"जनावरानं न्हाई नेले," ती म्हणाली. "दगडामावशीच्या चुलीत हायत. आता जाऊन बघा, वर कालवन बी असंल."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग सगळ्या माना दगडाबाईकडे वळल्या.

"मग?" दगडाबाई म्हणाली. "रानात पडले होते. गुळगुळीत, चांगले. मी काय चोरले का?" आणि थोडा विचार करून, "पर मी तीनच कावून नेले? चार का न्हाई नेले? आसरांनीच माझ्या हातून सात राखले की."

यावर साहेब पहिल्यांदा हसला, आणि मग उठून स्वतः त्या ओळीवरून चालत गेला. गाव मागं. जिथं जिथं उत्तरेश्वर बोट दाखवी तिथं तिथं कुणाची तरी विहीर, कुणाचं तरी खळं निघे. संध्याकाळपर्यंत निम्म्यांनी कबुली मागं घेतली. तलाव पुढं झाला, पण फार वर्षांनी, वरच्या खोऱ्यात, लहानसा. अर्जुनराव त्यानंतर शहादेवांशी बरेच दिवस बोलले नाहीत. शेंदूर मात्र कुणी पुसला नाही. तेवढी छाती कुणाची नव्हती.

उत्तरेश्वराला त्या कामावरून काढलं. परवानगीशिवाय तोंड उघडलं, म्हणून. तो निरोप घ्यायला मळ्यात आला तेव्हा मनकर्णा वेली उतरवत होती. वर्ष सरत आलं की वर चढलेली वेल अलगद सोडवून खाली घ्यायची, वेटोळं करून मातीत पुरायची. त्यातून नवी फूट येते. एकटीचं काम नव्हे. एकानं वर धरावं लागतं.

त्यानं बूट काढले आणि वेलीचं वरचं टोक धरलं.

"काल तुमी माझ्याकडं बघितलं न्हाई," ती खाली बघत म्हणाली.

"बघितलं असतं तर... सगळ्यांना कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"आता तेबी विचारता?"

"मी सगळंच विचारते. सवय हाय."

तो वेल धरून उभाच राहिला. मग म्हणाला, "मला तुमी पाहिजे, मनकर्णा. दुसरं काय कळणार होतं... तुमच्या आबांना विचारू का पाटाचं?"

वेलीत वारा शिरला. तिनं माती दाबली, परत दाबली. "आबा घरीच हायत," ती म्हणाली.

शहादेवांनी सगळं ऐकून घेतलं. नोकरी गेलेल्या माणसाला मळ्याचं काम जमेल का, एवढंच विचारलं. उत्तरेश्वर म्हणाला की जमणार नाही, पण शिकेन. आणि आईला घेऊन येतो. तो गेला. दगडाबाई म्हणाली, येतोय कशाचा. अर्धं गाव तेच म्हणालं. आठवडा गेला, दुसरा गेला. मनकर्णेला रोज सकाळी तोच प्रश्न पडे, हे खरं कशावरून, आणि रोज आबांच्या मदतीनं वेली उतरवताना ती एक ओळ तेवढी त्याच्यासाठी राखून ठेवी.

पौष लागायच्या आत, एका भर दुपारी बैलगाडी येऊन मळ्यापाशी थांबली. आधी एक म्हातारी उतरली— भिवराबाई, त्याची आई. काटक, कमरेत किंचित वाकलेली, डोळे घारीचे. तिनं पायताण बाहेर काढलं, कुड लोटला, आणि मनकर्णेला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग वेली बघितल्या. एक पान तोडून वास घेतला. मागं उत्तरेश्वर गाठोडं छातीशी धरून उभा होता.

"ही का ती," म्हातारी म्हणाली. "हा म्हनतो, तू कुणाच्या एका शब्दावर भरवसा ठेवत न्हाईस."

मनकर्णेनं पदर सावरला. "न्हाई ठेवत."

"ह्याच्या बी न्हाई?"

मनकर्णेनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर प्रवासाची धूळ होती आणि जीव डोळ्यांत आला होता.

"ह्याच्यावर ठेवला," ती म्हणाली, "पर लक्ष ठेवीन."

भिवराबाई कितीतरी दिवसांनी मनाजोगतं काही ऐकावं तशी हसली. पान तोंडात टाकत म्हणाली, "मग बस झालं. मी एकटी थकले होते. आता दोघी मिळून ठेवू."